शनिवारी संध्याकाळी ही माणसं जातात तरी कुठे?

हल्ली शनिवारी संध्याकाळी कुणाला जेवायला बोलवायची सोय राहिलेली नाही. एकाला विचारावं तर त्याचा क्लास असतो. दुसरीला विचारावं तर तिची ज्युरी असते. तिसरा येतो, पण पानावर बसून डाव्या हाताने टॅबवर चौकोन इकडून तिकडे सरकवत राहतो आणि त्याचं वरण निवून जातं. त्याच्या बायकोकडे पाहिलं की ती नुसते डोळे फिरवते. विचारू नका, म्हणते, यांचं प्रोटोटाइप चाललंय.

आणि वयं बघा हो यांची! पस्तीस, अडतीस, एक तर चक्क बेचाळीस. घरात पाचवीतलं पोर आहे, फ्लॅटचा हप्ता आहे, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय. अशा माणसांनी रात्री साडेआठला खोलीचं दार लावून, हेडफोन घालून, आत काय करावं? आमच्या समोरच्या काकूंना आधी भलताच संशय आला होता. "आतून हिच्या हसण्याचा आवाज येतो आणि नवरा तर बाहेर मॅच बघत बसलेला असतो," हे त्यांनी जिन्यात, भाजीच्या पिशवीसकट, अर्धा तास सांगितलं. शेवटी चौकशी झाली. बाई पार्ट-टाइम डिझाइनचा कोर्स करत होती. काकू जरा हिरमुसल्याच.

हा संसर्ग कोथरूडपासून ठाण्यापर्यंत कुणाला सोडत नाही. जाहिरातीतले कॉपीरायटर, वास्तुविशारद, लग्नांचे फोटो काढणारे, वर्तमानपत्रात पान लावणारे, डीटीपीवाले, सगळे लागले आहेत. ज्यांचं पोट मुळातच चित्रावर नि अक्षरावर चालतं, तीच माणसं पुन्हा चित्र आणि अक्षर शिकायला बसली आहेत, तेही पैसे मोजून! माझी मावसबहीणच घ्या. चांगली ग्राफिक डिझायनर आहे, एका एजन्सीत वर्षानुवर्षं काम करते. मी तिला म्हटलं, अगं, तुला येतं ना हे सगळं? तर म्हणाली, "ताई, मला पणत्या येतात."

तिचं म्हणणं असं. पाडव्याला गुढी, अक्षय्य तृतीयेला सोन्याची नाणी, दसऱ्याला झेंडूचं तोरण, दिवाळीला पणती, आणि या प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात त्याच बिल्डरचा तोच टू-बीएचके. क्लायंटच्या दोनच सूचना असतात, 'लोगो मोठा करा' आणि 'जरा उठाव आणा'. तिच्या मागून आलेला एक मुलगा 'प्रॉडक्ट डिझायनर' म्हणून आयटी कंपनीत गेला आणि तिच्याहून बराच जास्त पगार घेऊ लागला. त्यातच कहर म्हणजे आता पणत्या मशीनही काढतं. चार शब्द टाइप केले की चाळीस पणत्या तयार, वर धूर मोफत. ज्या बाईचं वर्षाचं वेळापत्रक पंचांगावर चाललं होतं, तिच्या पोटात गोळा येणारच.

बरं, रीतसर शिकायचं तर वाट काय? पवईला आयआयटीत आयडीसी ही डिझाइनची शाळा आहे, 1969 पासूनची. अहमदाबादला एनआयडी आहे, 1961ची. पण आयडीसीच्या एम.डेस.ला आधी सीड नावाची प्रवेश परीक्षा द्या, मग दोन वर्षं पूर्ण वेळ तिथे घाला. हप्ता कोण भरणार, पोराचा डबा कोण भरणार? म्हणून मग शनिवार-रविवार. म्हणून रात्री साडेआठ ते साडेदहा. 2020च्या टाळेबंदीत सगळ्यांना पडद्यासमोर बसून शिकायची सवय लागलीच होती. 2021मध्ये गूगलने कोर्सेरावर यूएक्सचं, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या डिझाइनचं, प्रमाणपत्र काढलं, आणि मग काय, दर दुसऱ्या लिंक्डइनवर तेच बिल्ला लावल्यासारखं झळकू लागलं.

या कोर्सांची माहितीपत्रकं वाचलीत का कधी? वाचाच. बहुतेकांत स्टीव्ह जॉब्स असतो. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात तो कॅलिग्राफीच्या वर्गात जाऊन बसला होता आणि त्यातून पुढे मॅकिंटॉशची देखणी अक्षरं आली, हे त्याने 2005मध्ये स्टॅनफर्डच्या पदवीदानात सांगितलं. कथा खरी आहे, सुंदर आहे. फक्त माहितीपत्रकात एक बारीकसा तपशील गाळलेला असतो. त्या वर्गात तो बसला तेव्हा त्याने कॉलेज सोडलेलं होतं. फी भरली नव्हती, प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. असा माणूस बारा बिनव्याजी हप्त्यांतल्या प्रमाणपत्राच्या जाहिरातीवर हसतमुख उभा आहे! फीचा आकडा ऐकून मावसबहिणीच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "यात बांगडी झाली असती." आणि सोन्याचा आजचा भाव पाहता त्यांचं फारसं चुकलेलं नाही.

यांची सगळी मदार फिग्मा नावाच्या सॉफ्टवेअरवर. एकाच पानावर दहा जण एकदम काम करतात, प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा, त्यावर नाव. कोण किती वेळ नुसताच बाण फिरवत बसलाय ते सगळ्यांना दिसतं, म्हणजे लाज झाकायला जागा नाही. आणि या फिग्माच्या घरची गोष्ट तर विचारूच नका. सप्टेंबर 2022मध्ये ॲडोबी कंपनीकडून मागणी आली, 20 अब्ज डॉलरची! स्थळ तोलामोलाचं, पोरगी तयार, पत्रिका छापायचीच बाकी. तेवढ्यात ब्रिटन आणि युरोपच्या स्पर्धा-नियामकांनी आडकाठी घातली आणि डिसेंबर 2023मध्ये सोयरीक मोडली. वर ॲडोबीला करारातल्या अटीप्रमाणे 1 अब्ज डॉलर मोजावे लागले ते वेगळेच. आमच्याकडे मोडलेल्या लग्नात हॉलचे पैसे बुडतात तेवढ्यावरून दोन घराण्यांचं बोलणं बंद होतं.

असो. मूळ मुद्दा लक्षणांचा.

पहिलं लक्षण दारावर दिसतं. कोर्स सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माणूस हॉटेलच्या काचेच्या दारापाशी थांबतो. ओढायच्या दाराला ढकलायची पट्टी कशी लावली आहे ते मागच्या लोकांना समजावून सांगतो. मागचे लोक भुकेले असतात. डॉन नॉर्मन नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक 1988मध्ये पुस्तक लिहून गेले की दार उघडताना माणूस चुकला तर दोष दाराचा, माणसाचा नाही. तेव्हापासून असल्या दारांना 'नॉर्मन डोअर' म्हणतात. विचार किती दिलासा देणारा! पण म्हणून थाळी थंड करायची?

दुसरं लक्षण कुरिअरवाला आल्यावर. फेडेक्सची गाडी दिसली की, "त्या ई आणि एक्सच्या मधला बाण दिसला का?" दिसला रे बाबा. मागच्या वेळी तूच दाखवलास. 1994 साली तो लोगो आला, तेव्हापासून दुनियेतल्या प्रत्येक डिझाइनच्या विद्यार्थ्याने तो बाण आपल्या नातेवाइकांना निदान दोनदा दाखवलेला आहे.

तिसरं लक्षण घातक. माणूस घरातल्यांवर संशोधन करू लागतो. याकोब निल्सन नावाच्या गृहस्थांनी 2000मध्ये लिहून ठेवलंय की पाच माणसांना एखादी गोष्ट वापरायला दिली की तिच्यातल्या बहुतेक त्रुटी हाती लागतात. पाचच! म्हणजे नवरा, सासू, दीर, कामाला येणाऱ्या मावशी आणि समोरच्या काकू. हिशेब घरातल्या घरात जमतो. मावसबहिणीला दुधाच्या ॲपचं काम होतं. तिने काकूंना समोर बसवलं, रेकॉर्डर लावला आणि विचारलं, "शेवटचं दूध मागवलंत तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" काकू आधी गप्प झाल्या. आजवर त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. मग ज्या सुटल्या! दूधवाल्याचा भाऊ, पिशवीला पडलेलं भोक, गणपतीत न आलेलं जास्तीचं अर्धा लिटर. त्या सगळ्यात एक वाक्य होतं, की उद्या दूध नको हे सांगायला रात्री अकराला आठवण होते आणि तेव्हा ॲप 'वेळ संपली' म्हणतं. बहीण उडालीच. तिच्या आख्ख्या गटाला हे सुचलं नव्हतं. आठ जणांनी भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून जे शोधलं नाही ते काकूंनी चहाच्या एका कपावर दिलं.

यानंतर 'पर्सोना' करायचा असतो. वापरणाऱ्याचं काल्पनिक व्यक्तिचित्र. ॲलन कूपर यांनी 1999च्या आपल्या पुस्तकातून हे रूढ केलं. वय अठ्ठावन्न, निवृत्त शिक्षिका, स्मार्टफोनची भीती, पण व्हॉट्सॲपवर तरबेज, पतींना मधुमेह. खाली हसऱ्या बाईचा फोटो, तोही कुठल्यातरी परदेशी संग्रहातला, केस भुरे. या काल्पनिक बाईला नाव काय दिलं होतं ते मी इथे सांगत नाही. सोसायटीत राहायचंय मला.

आता मुख्य प्रकरणावर येते, म्हणजे लग्नपत्रिकेवर.

मामेभावाचं लग्न ठरलं आणि मावसबहीण म्हणाली, पत्रिका मी करते. सगळ्यांना कौतुक. पैसेही वाचणार. तीन आठवडे ती कुणाशी नीट बोलली नाही. 'डबल डायमंड' चाललं होतं. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने 2005च्या सुमारास पुढे आणलेली रीत आहे ती. आधी प्रश्न पसरवायचा, मग आवळायचा, मग उत्तरं पसरवायची, मग तीही आवळायची. मामींना वाटलं हिऱ्यांचं काहीतरी आहे, त्या गप्प राहिल्या.

मग पत्रिका आली. पांढरी. म्हणजे पांढरी म्हणजे पांढरीच! मध्ये दोन नावं, खाली तारीख, त्याखाली हॉल. वर गणपती नाही. कुलस्वामिनी प्रसन्न नाही. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' नाही. आपले विनीत नाहीत, स्नेहांकित नाहीत, निमंत्रक नाहीत. 'किलबिल'मध्ये अकरा पोरांची नावं असायची, तिथे नुसती मोकळी जागा. मोठ्या आत्याने पत्रिका उलटी करून पाहिली, उजेडाला धरून पाहिली आणि विचारलं, "बाकीची कुठेय?" बहीण म्हणाली, "आत्या, ती व्हाइट स्पेस आहे, डोळ्याला विश्रांती मिळते." आत्या म्हणाली, "माझ्या यजमानांचं नाव काढून तुझ्या डोळ्याला विश्रांती मिळते?" त्यानंतर घरात जे झालं ते छापण्याजोगं नाही.

आजीने मात्र वेगळीच खोड काढली. भिंगातून बघून म्हणाली, "या अक्षरांची वरची रेघ का गं तुटलीय?" आणि ती तुटलीच होती! इंग्रजी मासिकांत कॅपिटल अक्षरांमध्ये हवा सोडतात, ते दिसतं देखणं. बहिणीने तीच हवा देवनागरीत सोडली. पण देवनागरीत शब्द शिरोरेषेने एकजीव होतो. अक्षरं लांब सरकवली की रेषेचे तुकडे पडतात आणि 'शुभविवाह' दात पडल्यागत दिसतो. मेंटॉरच्या नजरेतून हे सुटलं होतं, गटातल्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलं होतं. कोर्समधली सगळी उदाहरणं रोमन लिपीतली, हेल्व्हेटिका 1957ची आणि बाऊहाउस 1919चं. काना, मात्रा, रफार, उकार यांना वर-खाली किती जागा लागते याचा धडाच नव्हता. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी लाजिरवाणी गोष्ट हीच आहे. एवढे पैसे घेता, पुण्या-मुंबईतल्या माणसांना शिकवता, आणि देवनागरीची एक संध्याकाळ नाही?

कारण शिकवण्याजोगं पुष्कळ आहे की. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींचा. आयडीसीत शिकवलेला, आयुष्य अक्षरांत घातलेला माणूस. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत अशी अक्षरं काढली की नाटक गंभीर आहे की फार्स हे नाव वाचायच्या आधी कळायचं. मुंबईच्याच 'एक टाइप'ने काढलेले मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर फुकट पडले आहेत. आपल्या नव्या रुपयाच्या चिन्हात 'र'ची शिरोरेषा आहे, ते 2010मध्ये आयडीसीतच पीएच.डी. केलेल्या उदय कुमार यांचं काम. आणि जे. जे. कलाशाळा तर 1857ची. त्या मानाने पिवळ्या चिठ्ठ्या कालच्या.

बरं, आपल्या राज्यातल्या लाखो पोरांनी हे डिझाइन शाळेतच केलेलं असतं! एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट विसरलात? चौकोनात संकल्पचित्र, पोस्टर कलरच्या बाटल्या, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्रात बाजार काढा म्हटलं की सगळ्यांच्या बाजारात तीच भाजीवाली. आया-बापांनी जबरदस्तीने बसवलं आणि अकरावीत ब्रश फेकून दिला. तोच ब्रश आता 'व्हिज्युअल फाउंडेशन' नावाने परत विकत घेतायत. एनआयडी निघण्याआधी 1958मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला अहवाल दिला, त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं ठाऊक आहे? लोट्याचं. धरायला कसा, ओतायला कसा, डोक्यावर वाहायला कसा, मोकळा असताना तोल कसा. मावसबहिणीने हे वाचल्यापासून सासूबाईंचा देवघरातला तांब्या दोनदा गायब झाला आणि दोन्ही वेळा तिच्या टेबलावर, दिव्याच्या झोतात, फोटोला उभा सापडला.

तर पत्रिका. संशोधन पुन्हा झालं. या वेळी बहिणीने पाच जणांच्या हातात जुन्या लग्नांच्या, गच्च छापलेल्या, गुलाबी-सोनेरी पत्रिका दिल्या आणि नुसतं बघत बसली. पाचही जणांनी आधी काय शोधलं? स्वतःचं नाव! मुहूर्त कुणी पाहिला नाही, हॉल कुणी पाहिला नाही. ते व्हॉट्सॲपवर होतंच. आत्याने तर आपल्या यजमानांचं नाव कितव्या ओळीत आहे ते मोजलं आणि धाकट्या जावेच्या यजमानांचं कितव्यात आहे तेही मोजलं. म्हणजे जिला बहीण अडगळ समजत होती, त्याच नावांसाठी तर पत्रिका छापतात. तिने सगळी नावं परत घेतली. शिरोरेषा जोडली, नात्यांप्रमाणे गट पाडले, किलबिल सगळ्यात खाली, पोरांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. पत्रिका गच्चच झाली, पण वाचता येत होती. आत्या म्हणाली, "आता कशी पत्रिकेसारखी दिसते." तिच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक.

या कोर्समधून बाहेर पडणाऱ्यांचे पोर्टफोलिओ बघाल तर हसाल. झाडांना पाणी घालायची आठवण करणारं ॲप, जेवण मागवायच्या ॲपचं नवं रूप, ध्यानधारणेचं ॲप. सगळ्यांचा जांभळा एकच, सगळ्यांची व्यथा एकच, सगळ्यांचं 'मी काय शिकलो' एकच. नोकरी देणारे ते बघून बघून कंटाळले आहेत. प्रमाणपत्राला तर कुणी हातही लावत नाही. मावसबहिणीला मुलाखतीचं बोलावणं आलं ते पत्रिकेमुळे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दुधाच्या ॲपचं पान पटकन पुढे सरकवलं आणि आत्याच्या प्रकरणावर पाऊण तास विचारलं. नोकरी अजून पक्की नाही. पण एजन्सीत आता कुणी 'लोगो मोठा करा' म्हणालं की ती शांतपणे विचारते, "कुणाला दिसत नाहीये?" क्लायंट गडबडतात. साहेबही गडबडले आहेत. तिच्या पगारवाढीचं बोलणं चालू आहे, असं मला आतल्या गोटातून कळलं.

आणि त्या ज्युरीबद्दल तर मी बोललेच नाही. माझ्या मते फीचे खरे पैसे तिथेच वसूल होतात. ऑफिसात काम दाखवलं की लोक 'छान आहे' म्हणतात आणि मागून बदलतात. ज्युरीत तोंडावर सांगतात. चोवीस-पंचवीस वर्षांचा मेंटॉर, दाढी जेमतेम आलेली, अडतीस वर्षांच्या, दोन पुरस्कार मिळालेल्या कला-दिग्दर्शकाला सर्वांदेखत म्हणतो, "हे सुंदर आहे, पण कशासाठी आहे?" आणि तो मोठा माणूस ऐकून घेतो! घरी बायकोने हेच विचारलं असतं तर आठवडाभर अबोला झाला असता. पैसे देऊन अपमान करून घ्यायची ही नवी सोय निघाली आहे आणि तिला वेटिंग लिस्ट आहे.

ताजी बातमी मात्र यावर कडी करते. आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे सर, निवृत्त, सत्तरीकडे झुकलेले, त्यांनीही शनिवार-रविवारच्या अक्षररचनेच्या कोर्सला नाव घातलं. सून म्हणाली, बाबा, आता तुम्हाला कुठलं करिअर करायचंय? सर म्हणाले, राहिलं होतं. पहिल्याच ज्युरीत मेंटॉरने विचारलं, "सर, तुमचा युजर कोण?" सर म्हणाले, "सातवी ब." मग मेंटॉरने आपलं स्वतःचं ग्रिड पडद्यावर लावून दाखवलं, तर सरांनी चष्मा पुसून दुसऱ्या रकान्यातली उभी रेघ तिरकी असल्याचं सांगितलं. ती खरंच तिरकी होती. वर्ग संपल्यावर तो मुलगा थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, इंटरमिजिएटला माझं केंद्र तुमच्याच शाळेत होतं. मला सी ग्रेड मिळाली होती."

सरांनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "तपासणाऱ्याने नीट तपासलं होतं म्हणायचं," ते म्हणाले.